प्रौढांचे लसीकरण : फाइलमध्ये नसलेले पान

नागपुरात वर्धा रोडच्या दोन बाजूंना वसलेल्या रामदासपेठ आणि धंतोली या वस्त्या आज साऱ्या विदर्भाच्या खासगी वैद्यकीय सेवेचे केंद्र झाल्या आहेत. हृदयरोग, मधुमेह, मूत्रपिंडविकार, त्वचारोग यांच्या तज्ज्ञांचे दवाखाने, रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने येथे एकमेकांना खेटून उभी आहेत, आणि गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ या जिल्ह्यांबरोबरच मध्य प्रदेशातील छिंदवाडा, सिवनी आणि बालाघाट येथूनही रुग्ण येथे येत असतात. अशा रुग्णाच्या हातातील जाडजूड फाइलमध्ये साखरेचे आकडे, रक्तदाबाच्या नोंदी, हृदयालेख, सोनोग्राफीचे अहवाल आणि जुन्या चिठ्ठ्या क्रमाने लावलेल्या सापडतात. मात्र या व्यक्तीने मोठेपणी कोणत्या लसी घेतल्या, कधी घेतल्या आणि कोणत्या राहून गेल्या, हे सांगणारे पान तिच्यात बहुधा नसते. त्याच घरातील नातवंडाचे लसीकरण कार्ड कपाटात जपून ठेवलेले असते आणि त्यावरील तारीख चुकली तर घरातील सर्वांना चुटपुट लागते. लस ही बाळाची बाब आहे, हा समज आपल्या समाजात किती खोलवर रुजला आहे, हे या दोन कागदांच्या तुलनेतून दिसते. हा समज कसा घडला, तो आता का बदलायला हवा आणि कोणत्या वयात, कोणत्या आजारात, कोणत्या कामात कोणती लस विचारून घ्यावी, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करणे अगत्याचे आहे.

देवी काढण्यापासून कोविडपर्यंत

महाराष्ट्रातील लसीकरणाचा इतिहास दोन शतकांहून जुना आहे. एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये देवीची लस सिद्ध केल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली आणि भारतातील लसीकरणाला आरंभ झाला. ‘देवी काढणे’ हा शब्दप्रयोग मराठीत रुळला, आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या दंडावर त्या लसीचा वण अजून दिसतो. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली, तेव्हा वाल्देमार हाफकिन यांनी तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. प्लेगच्या त्या काळात लस ही बालकांपुरती राखून ठेवलेली वस्तू नव्हती, कारण साथ वय पाहून येत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले आणि ते योग्य कारणासाठी पालटले. बालमृत्यू रोखणे ही देशाची पहिली गरज असल्यामुळे १९७८ मध्ये सुरू झालेला आणि १९८५ पासून सार्वत्रिक स्वरूपात राबवला गेलेला शासकीय लसीकरण कार्यक्रम बालके आणि गरोदर माता यांच्याभोवती उभा राहिला. त्याचे यश थोर आहे : २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारताचा समावेश असलेला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित केला आणि २०१५ मध्ये नवजात अर्भकांचा व मातांचा धनुर्वात भारतातून आरोग्याची समस्या म्हणून दूर झाल्याचे जाहीर झाले. मात्र या यशाबरोबरच लस म्हणजे अंगणवाडी, पोलिओचा डोस आणि बाळाचे रडणे, एवढेच चित्र मनात ठसले. १६ जानेवारी २०२१ रोजी कोविडची लस देण्यास सुरुवात झाली, तेव्हा कोट्यवधी प्रौढ भारतीयांनी लसीसाठी दंड पुढे केला. मे २०२१ मध्ये दोन ते अठरा वर्षे वयोगटावरील कोव्हॅक्सिनच्या चाचणीला मंजुरी मिळाली, तेव्हा दिल्ली आणि पाटणा येथील एम्सच्या बरोबरीने रामदासपेठेतील मेडिट्रिना रुग्णालयाचे नाव केंद्र म्हणून पुढे आले होते. मुलांसाठीच्या लसीच्या शोधात या वस्तीने वाटा उचलला. तेथे उपचारासाठी येणाऱ्या मोठ्या माणसांच्या लसींचा प्रश्न मात्र साथ ओसरताच पुन्हा मागे पडला.

संरक्षण कमी का होते

रोगजंतूचा जो भाग शरीर परका म्हणून ओळखते त्याला प्रतिजन म्हणतात, आणि त्याला निष्प्रभ करण्यासाठी शरीर जी प्रथिने तयार करते त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. लसीद्वारे मारलेला किंवा दुर्बळ केलेला जंतू, अथवा त्याचा केवळ एक तुकडा शरीराला दाखवला जातो; त्यामुळे आजार न होताच प्रतिपिंडे तयार होतात आणि त्यांच्याबरोबर स्मृतिपेशीही तयार होतात, ज्या पुढे खरा जंतू आला असता त्याला ओळखून वेगाने प्रतिकार उभा करतात. ही स्मृती काही आजारांत जन्मभर टिकते, तर काहींत वर्षांगणिक फिकट होत जाते.

मोठ्या माणसाला लसीची गरज चार कारणांनी पडते. पहिले कारण म्हणजे बालपणी मिळालेल्या काही लसींचा प्रभाव ओसरतो. दुसरे, आज उपलब्ध असलेल्या अनेक लसी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी अस्तित्वातच नव्हत्या, किंवा शासकीय कार्यक्रमात नव्हत्या. तिसरे, वय वाढत जाते तसतशी प्रतिकारयंत्रणा मंदावते आणि मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडविकार किंवा कर्करोगावरील उपचार तिला आणखी दुबळे करतात, त्यामुळे तरुणाला चार दिवस अंथरुणावर ठेवणारा आजार साठीच्या मधुमेही माणसाला अतिदक्षता विभागात नेऊ शकतो. चौथे कारण म्हणजे गर्भारपण, व्यवसाय आणि प्रवास यांमुळे जोखीम बदलते. लहान मुलांच्या लसी वयानुसार ठरतात. प्रौढांच्या लसी वयाबरोबरच आजार, काम आणि परिस्थिती यांवरून ठरतात, आणि म्हणूनच त्या सर्वांसाठी सारख्या नसतात.

धनुर्वात : टीटीची सवय आणि नोंदीचा अभाव

खिळा रुतला, विळा लागला किंवा रस्त्यावर घसरून गुडघा फुटला की ‘टीटीचे इंजेक्शन’ घ्यायचे, ही सवय मराठी घरांत पक्की आहे. ती चांगली असली तरी अपुरी आहे. धनुर्वाताच्या जंतूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातील सुप्त जंतू, मातीत आणि जनावरांच्या शेणात वर्षानुवर्षे टिकून राहतात. जखमेतून आत गेल्यावर ते जे विष तयार करतात त्यामुळे स्नायू आखडतात आणि शरीर धनुष्यासारखे वाकते. रोगाचे मराठी नाव त्यावरूनच पडले आहे. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, त्यामुळे इतरांनी लस घेतली म्हणून न घेणाऱ्याचा बचाव होत नाही; तसेच एकदा आजार होऊन बरा झालेल्या माणसालाही तो पुन्हा होऊ शकतो. शेतात, बागेत, गोठ्यात किंवा बांधकामावर राबणाऱ्या प्रत्येकाचे रक्षण ज्याच्या त्याच्या लसीनेच होते.

पूर्वीच्या टीटीची जागा आता टीडी या लसीने घेतली आहे. तीत धनुर्वाताबरोबर घटसर्पाविरुद्धचा अंश असतो, कारण घटसर्पाविरुद्धचे बालपणीचे संरक्षणही वाढत्या वयात क्षीण होते. ज्यांनी लहानपणी मात्रा पूर्ण केल्या आहेत त्यांनी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी, आणि त्यांपैकी एखाद्या वेळी डांग्या खोकल्याविरुद्धचा अंश असलेली टीडॅप ही लस घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. लहानपणी लस मिळालीच नसेल तर तीन मात्रांनी आरंभ करावा लागतो. मात्रा पूर्ण झालेल्या माणसाला स्वच्छ, लहान जखम झाली आणि शेवटच्या मात्रेला दहा वर्षे झालेली नसली, तर नव्या इंजेक्शनची गरज नसते. जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली असेल तर ही मर्यादा पाच वर्षांची धरतात. शेवटची मात्रा कधी घेतली हे कोणाच्याच लक्षात नसल्यामुळे कोणाला वर्षातून दोनदा लस टोचली जाते, तर कोणाला वीस वर्षांत एकदाही मिळत नाही. एका ओळीच्या नोंदीने हे दोन्ही टळते.

पावसाळ्यापूर्वीची लस

स्वाइन फ्लू या नावाने ओळखल्या गेलेल्या एच१एन१ विषाणूने २००९ मध्ये पुण्यात देशातील पहिला बळी घेतला आणि २०१५ च्या साथीत नागपूरलाही मोठा फटका दिला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने शासकीय आरोग्य संस्थांमधून गरोदर स्त्रिया आणि मधुमेह, उच्च रक्तदाब यांसारख्या जोखमीच्या गटांसाठी फ्लूची लस मोफत उपलब्ध करून देण्याचे पाऊल उचलले. तरीही ‘फ्लू म्हणजे सर्दी-पडसे’ ही भावना पुरती गेलेली नाही. फ्लू, म्हणजेच इन्फ्लुएन्झा, हा फुप्फुसांवर, हृदयावर आणि रक्तातील साखरेवर ताण आणणारा आजार आहे. त्यातून न्यूमोनिया होतो आणि हृदयविकार असलेल्या व्यक्तीला त्या दिवसांत झटका येण्याचा धोका वाढतो.

ही लस दरवर्षी घ्यावी लागते, कारण हा विषाणू आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांची रचना सतत बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते उपप्रकार असावेत हे सुचवते. युरोप-अमेरिकेत हा आजार हिवाळ्याचा मानला जातो. महाराष्ट्रात मात्र त्याचा मोठा जोर पावसाळ्यात दिसतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि विदर्भात पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यास पोहोचतो, हे ध्यानात घेता एप्रिल-मे हा लसीचा सोयीचा काळ ठरतो. साठी ओलांडलेले, मधुमेही, दमा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असलेले, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर स्त्रिया आणि आरोग्य कर्मचारी यांना तिची गरज सर्वाधिक आहे.

फ्लूच्या पाठोपाठ येणाऱ्या न्यूमोनियाचे एक प्रमुख कारण म्हणजे न्यूमोकोकस हा जिवाणू. त्याच्याभोवती शर्करेच्या साखळ्यांचे एक आवरण असते आणि त्या आवरणाच्या रचनेनुसार त्याचे शंभराच्या आसपास उपप्रकार मानले जातात. त्याविरुद्धच्या लसी दोन जातींच्या आहेत. पॉलिसॅकराइड लसीत २३ उपप्रकारांच्या आवरणाचे अंश असतात. मात्र केवळ शर्करेला शरीर देत असलेला प्रतिसाद अल्पकाळ टिकतो आणि स्मृती फारशी बनत नाही. संयुग्मित लसीत हीच शर्करा एका प्रथिनाला जोडलेली असते, त्यामुळे प्रतिकारयंत्रणेतील टी पेशी मदतीला येतात आणि प्रतिसाद अधिक बळकट व दीर्घकाळ टिकणारा होतो. म्हणूनच तेरा किंवा पंधरा उपप्रकारांची संयुग्मित लस प्रथम आणि साधारण एका वर्षानंतर पॉलिसॅकराइड लस असा क्रम ठेवतात. वीस उपप्रकारांची नवी संयुग्मित लस दिल्यास सहसा दुसरीची गरज उरत नाही. पासष्टीनंतर न्यूमोकोकसची लस घ्यावीच, आणि मधुमेह, धूम्रपान किंवा जुना फुप्फुसविकार असेल तर त्याआधीही डॉक्टरांना तिच्याविषयी विचारावे.

नागीण : समजुतीपेक्षा वेदना मोठी

नागीण या आजाराबद्दल महाराष्ट्रात एक भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. छातीच्या किंवा पोटाच्या एका बाजूने पुरळाचा पट्टा पुढे सरकतो आणि नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, असे सांगितले जाते. त्यामुळे पुरळावर गेरूचा लेप लावणे आणि मंत्र घालणारा माणूस शोधणे यांतच पहिले मोलाचे दिवस निघून जातात. या आजाराची वस्तुस्थिती वेगळी आहे. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगत असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये सुप्त राहतो आणि वय, आजार किंवा उपचार यांमुळे प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या मज्जातंतूच्या मार्गाने पुन्हा त्वचेकडे येतो. तो तंतू शरीराच्या एकाच अर्ध्या भागाला संवेदना पुरवतो, म्हणून पुरळ मधल्या रेषेशी येऊन थांबते आणि विळखा सहसा पूर्ण होत नाही.

खरे भय पुरळ बरे झाल्यानंतरचे आहे. काही रुग्णांत, विशेषतः साठीनंतर, त्याच जागी महिनोन्‌महिने जळजळ आणि विजेचा झटका बसावा तशी कळ उठत राहते. सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही, झोप उडते आणि माणूस खचतो. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू केल्यास आजाराची तीव्रता कमी होते. तो होऊच नये यासाठी असलेली शिंगरिक्स ही लस भारतात २०२३ पासून उपलब्ध आहे. तीत जिवंत विषाणू नसून त्याच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन आणि प्रतिसाद वाढवणारे साहाय्यक द्रव्य आहे, त्यामुळे प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्यांनाही ती देता येते. पन्नाशीनंतर दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने तिच्या दोन मात्रा देतात आणि चाचण्यांमध्ये पन्नाशीपुढील व्यक्तींना तिच्यापासून ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळाल्याचे आढळले आहे. तिचा खर्च मोठा आहे आणि तो सर्वांना झेपणारा नाही, हे मान्य करूनच तिचा विचार करावा लागतो.

विदर्भाची गरज : सिकलसेल आणि कावीळ

विदर्भातील आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. १ जुलै २०२३ रोजी या विकाराच्या उच्चाटनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आणि त्यानंतर त्याची चर्चा वाढली. त्याच्याशी निगडित लसींची चर्चा मात्र तेवढी होत नाही. विळ्याच्या आकाराच्या लाल रक्तपेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यामुळे प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला असलेले रक्त गाळणारे इंद्रिय, बहुधा लहानपणीच निकामी होते. शर्करेचे आवरण असलेल्या जंतूंना रक्तातून वेचून काढण्याचे काम प्लीहाच करते. ती निकामी झाली की न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी हे जंतू काही तासांत रक्तात पसरू शकतात. सिकलसेलच्या प्रौढ रुग्णासाठी, तसेच अपघातानंतर ज्याची प्लीहा काढून टाकली आहे अशा माणसासाठी, या तीन जंतूंविरुद्धच्या लसी उपचाराचाच भाग आहेत.

वारंवार रक्त घ्यावे लागणाऱ्या रुग्णांना हेपटायटिस बी या यकृताच्या विषाणूचाही धोका असतो. रक्त, असुरक्षित सुई, लैंगिक संबंध आणि प्रसूती यांतून पसरणारा हा विषाणू पुढे यकृताचा सिरोसिस आणि कर्करोग यांना कारण होतो. बालकांच्या शासकीय कार्यक्रमात ही लस २००२ पासून काही भागांत प्रयोग म्हणून सुरू होऊन २०११ च्या सुमारास देशभर पोहोचली. साहजिकच आज तिशी-चाळिशीत असलेल्या बहुसंख्य लोकांना ती लहानपणी मिळालेली नाही. प्रौढांना तिच्या तीन मात्रा आज, एका महिन्याने आणि सहा महिन्यांनी अशा देतात. डायलिसिसवरील रुग्णांत प्रतिसाद कमी मिळतो, म्हणून त्यांना दुप्पट मात्रा आणि बहुधा चार वेळा द्यावी लागते, आणि नंतर रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासतात. मूत्रपिंडविकाराचे निदान होताच, डायलिसिसची वेळ येण्यापूर्वीच ही लस घेणे हिताचे असते. रुग्णालयातील परिचारिका, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि जैववैद्यकीय कचरा उचलणारे सफाई कामगार यांनाही ती मिळालीच पाहिजे, कारण वापरलेली सुई टोचली जाण्याचा धोका त्यांना रोजचाच असतो.

दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे कारण असलेला हेपटायटिस ए हा विषाणू वेगळा आहे. पूर्वी तो बहुतेकांना बालपणी सौम्य रूपात होऊन जात असे. शुद्ध पाण्यावर वाढलेल्या आजच्या तरुणांना तो मोठेपणी गाठतो आणि तेव्हा अधिक त्रास देतो, म्हणून वसतिगृहात राहणाऱ्या किंवा सतत बाहेर जेवणाऱ्या तरुणांसाठी त्याची लस विचारात घेतात. टायफॉइडची संयुग्मित लसही अशांना उपयोगी आहे. सार्वजनिक लसीकरणात तिचा वापर जगात प्रथम २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने बालकांसाठी केला.

स्त्रियांच्या आयुष्यातील तीन टप्पे

विवाहापूर्वी किंवा गर्भधारणेपूर्वी रुबेलाविषयी विचारणे अत्यंत आवश्यक आहे. रुबेला हा स्वतः सौम्य आजार असला तरी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तो झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष होऊ शकतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली गोवर-रुबेला मोहीम नऊ महिने ते पंधरा वर्षे वयोगटासाठी होती. त्यावेळी पंधरा पूर्ण झालेल्या मुली आज मातृत्वाच्या वयात आहेत आणि त्यांपैकी अनेकींना ही लस मिळालेली नसण्याचा संभव आहे. ही लस जिवंत पण दुर्बळ केलेल्या विषाणूंची असल्याने गरोदरपणात देत नाहीत आणि ती घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

गरोदरपणात टीडीच्या मात्रा शासकीय कार्यक्रमातच मिळतात. त्याशिवाय २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान टीडॅप घेतल्यास आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात आणि स्वतःची लस मिळेपर्यंतच्या पहिल्या आठवड्यांत डांग्या खोकल्यापासून त्याला वाचवतात. गरोदर स्त्रीने घेतलेली इन्फ्लुएन्झाची लसही अशीच दोन जिवांचे रक्षण करते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मूळ एचपीव्ही या विषाणूत आहे आणि त्याचे १६ व १८ हे उपप्रकार या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के प्रकरणांना जबाबदार असतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. नऊ ते चौदा हे एचपीव्हीच्या लसीचे उत्तम वय असले तरी सव्विसाव्या वर्षापर्यंत राहून गेलेली लस घेता येते आणि त्यापुढे पंचेचाळीसपर्यंत डॉक्टरांच्या सल्ल्याने निर्णय घेतात. लस घेतली म्हणून तपासणी सोडता येत नाही. पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एचपीव्हीच्या एका तपासणीनेही या कर्करोगाचे मृत्यू घटतात, हे साऱ्या जगाला दाखवून दिले आहे.

कुत्र्याचा चावा, क्षयरोग आणि प्रवास

‘पोटात चौदा इंजेक्शने’ ही भीती मेंढीच्या मेंदूपासून बनवल्या जाणाऱ्या जुन्या रेबीज लसीची आहे. ती लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार किंवा पाच वेळा लस घ्यावी लागते. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा पहिला उपचार आहे. हळद, चुना किंवा तिखट लावल्याने अपायच होतो. जखमेतून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. रेबीज एकदा प्रकट झाला की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, म्हणून गरोदरपण, वय किंवा आजार यांपैकी कोणत्याही कारणाने ही लस टाळायची नसते. पूर्वी पूर्ण मात्रा घेतल्याची नोंद असेल तर पुन्हा चावा झाल्यावर केवळ दोन मात्रा पुरतात.

क्षयरोगाविरुद्धची बीसीजी ही नवजात बालकांची लस प्रौढांना कितपत उपयोगी पडते, हे पाहण्यासाठी २०२४ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक जिल्ह्यांत मोहीम घेण्यात आली. पूर्वी क्षय झालेले, क्षयरुग्णाच्या निकट सहवासातील, मधुमेही, धूम्रपान करणारे, कमी वजनाचे आणि साठीपुढील व्यक्ती यांचा तीत समावेश होता.

प्रवासाच्या लसी देशानुसार ठरतात. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील काही देशांसाठी पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस, केंद्र शासनाने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र जुलै २०१६ पासून जन्मभर ग्राह्य धरले जाते. हजला जाणाऱ्यांना मेनिंगोकोकसच्या चार उपप्रकारांविरुद्धची लस बंधनकारक आहे.

उन्हाळा, शीतसाखळी आणि सुरक्षितता

बहुतेक लसी निर्मितीपासून टोचण्याच्या क्षणापर्यंत २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात आणि या अखंड व्यवस्थेला शीतसाखळी म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जाणाऱ्या नागपुरात दुकानातून लस विकत घेऊन ती साध्या पिशवीतून दवाखान्यापर्यंत नेणे म्हणजे तिचा गुण वाटेतच गमावण्याचा धोका पत्करणे होय. अति थंडीही घातक असते. टीडी किंवा हेपटायटिस बीची लस गोठली तर ती निकामी होते, म्हणून ती बर्फाला चिकटवून ठेवायची नसते. काही कुप्यांवर एक वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत गेली की तो चौकोन हळूहळू गडद होतो आणि वर्तुळाच्या रंगाशी मिळताजुळता झाला की ती कुपी वापरायची नसते. हा चौकोन आणि वापराची अंतिम तारीख दाखवण्यास सांगणे हा रुग्णाचा हक्क आहे. जेथे शीतकपाटाचे तापमान नोंदवले जाते आणि लस तेथेच ठेवून तेथेच टोचली जाते, असा दवाखाना निवडावा.

दंड दुखणे, अंग मोडून येणे, एक-दोन दिवस कणकण वाटणे हे प्रतिकारयंत्रणा जागी झाल्याचे सामान्य परिणाम आहेत. तीव्र ॲलर्जी अत्यंत क्वचित होते. ती झालीच तर ताबडतोब उपचार करता यावेत, यासाठी लस घेतल्यावर अर्धा तास दवाखान्यातच थांबायला सांगतात. कर्करोगाचे उपचार सुरू असलेल्यांनी, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी गोवर-रुबेला, कांजिण्या यांसारख्या जिवंत लसी टाळाव्यात. मधुमेह किंवा रक्तदाब असणे हे लस टाळण्याचे कारण नाही. उलट या आजारांमुळेच लसीची गरज वाढते.

एक पान

प्रौढांसाठी बालकांसारखे शासकीय वेळापत्रक आणि घरोघरी येणारी सेविका नाही. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडियासारख्या वैद्यक संघटनांनी शिफारशी केल्या आहेत, परंतु त्या तपासणीच्या खोलीत उच्चारल्या गेल्या तरच कामी येतात. बहुतेक लसींचा खर्च माणसालाच करावा लागतो, त्यामुळे सर्व एकदम घेणे अनेकांना परवडत नाही. अशा वेळी आजार आणि वय पाहून कोणती आधी आणि कोणती नंतर, हा क्रम डॉक्टरांकडून ठरवून घेणे शहाणपणाचे असते. टीडी आणि रेबीज यांसारख्या लसी शासकीय रुग्णालयांत मिळतात, त्यांपासून आरंभ करता येतो.

यासाठी लागणारे साधन अगदी साधे आहे. फाइलच्या पहिल्या बाजूला एक कोरे पान लावावे. त्यावर जन्मवर्ष, जुने आजार, प्लीहा किंवा अन्य शस्त्रक्रिया, ॲलर्जी आणि काम लिहावे, आणि खाली लसीचे नाव, तारीख, कुपीचा बॅच क्रमांक व पुढील मात्रेची तारीख यांचे चार रकाने आखावेत. रामदासपेठेत तपासणीसाठी आलेल्या सत्तरीच्या आजीने ते पान डॉक्टरांसमोर ठेवून ‘यातले माझे काय राहिले?’ असे विचारले, तर पावसाळ्यापूर्वीची फ्लूची लस, राहून गेलेली न्यूमोकोकसची मात्रा आणि वीस वर्षांपूर्वीची टीटी या तिन्हींचा निकाल त्याच भेटीत लागतो. नातवाच्या कार्डावरील तारखा आजी न चुकता पाळते. तिच्या स्वतःच्या तारखा लिहून ठेवणे आणि त्या पाळणे हे आता घरातील कर्त्यांचे काम आहे.